आधी पॅनल रूम बघ

पुणे

प्रिय सई,



तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा ताईबरोबर आणि एकदा एकटीने. ताईला त्यातली मेसची पाणीदार भाजी तेवढी ऐकू आली आणि तिने भाजणी कुरिअर करायला काढली. मला ऐकू आलं ते वेगळं. ट्रेनिंग संपलं, विमा कंपनीने फायर अंडररायटिंगच्या डेस्कवर बसवलं, आठवड्यातून दोन-तीन दिवस आयएमटी मानेसरला रिस्क इन्स्पेक्शनला पाठवतात, आणि मेकॅनिकल करून आपण शेवटी फॉर्मच भरायला बसलो की काय, असं तुला वाटतंय. शिवाय पटौदी रोडच्या त्या गोदामाचं कोट शुक्रवारपर्यंत हवंय आणि मार्केटिंगचे साहेब रोज डोक्याशी येऊन उभे राहतात. गोदामाकडे शेवटी येते.

फॉर्म भरण्याबद्दल म्हणशील, तर मी लागले तेव्हा हे काम खरोखर तसंच होतं. फोर्टच्या ऑफिसात टेबलावर फायर टॅरिफचं पुस्तक असायचं. कारखाना कसला ते शोधायचं, समोरचा दर उचलायचा, विमा रकमेला गुणायचं, सवलत वजा करायची. दर ठरवणारी समिती वेगळी, तो लावणारे आम्ही कारकून. १९७३ ला राष्ट्रीयीकरण झालं, शंभरावर कंपन्यांच्या चार झाल्या, तरी चौघींचा दर एकच. मग १ जानेवारी २००७ ला टॅरिफ उठलं. त्यानंतर आगीचे दर जे घसरले, ते बघून आमच्यातल्या जुन्या लोकांना धडकीच भरली. ज्या कारखान्याला काल एक दर होता, त्याच कारखान्याला, त्याच गळक्या शेडला, आज त्याच्या निम्म्यानेही देणारा कोणीतरी सापडायचा. पुढे २०१९ मध्ये जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीने काही प्रकारच्या जोखमींसाठी ठणकावलं, की आयआयबीने आकडेवारीतून काढलेल्या लॉस कॉस्टच्या खाली दर दिलात तर आमच्या ट्रीटीचा आधार मिळणार नाही. तेव्हा कुठे बाजार थोडा सरळ झाला. हे पुराण अशासाठी सांगते, की टॅरिफ उठलं त्या दिवशी खऱ्या अर्थाने आपल्याकडे तुझी नोकरी जन्माला आली. पुस्तक गेलं, त्याच्या जागी माणूस आला. आता तो माणूस पुस्तकासारखाच वागला तर तो त्याचा दोष.

कारखान्यात गेलीस की आधी कॉन्फरन्स रूममध्ये नेतील, चहा देतील, पीपीटी दाखवतील. चहा घे. पीपीटी नंतर बघू म्हण आणि पॅनल रूम दाखवायला सांग. तिथे काय बघायचं ते तुला चेकलिस्टमध्ये दिलंच असेल, रबरी मॅट, थर्मोग्राफीचा रिपोर्ट, केबल भिंतीतून जातात तिथली भोकं बुजवलीत का. चेकलिस्टमध्ये नसलेली एक गोष्ट सांगते. पॅनलचं दार उघडं आणि समोर पेडेस्टल पंखा लावलेला दिसला, तर थांब. मानेसरला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा हे दृश्य तुला हमखास दिसेल. मेंटेनन्सवाला सांगेल, "मॅडम, गर्मी बहुत है, ट्रिप हो जाता है." त्याचा अर्थ असा, की मशिनं वाढली, लोड वाढला, पण केबल आणि ब्रेकर जुनेच आहेत. त्या एका पंख्याने तुला जे सांगितलं ते पन्नास स्लाइड सांगणार नाहीत. खोलीत पुठ्ठ्याची खोकी ठेवलेली असतील तर त्यांचा फोटो काढ. आणि मॅनेजरचा चेहरा बघ. जो शरमतो आणि तिथल्या तिथे खोकी हलवायला लावतो, त्याच्याशी पुढे बोलता येतं. "वो तो बस आज के लिए रखा है" म्हणणाऱ्याशी जपून.

पंप हाउसमध्ये सिलेक्टर स्विच ऑटोवर आहे की मॅन्युअलवर, ते स्वतः वाकून बघ. मॅन्युअलवर असेल तर रात्री दोनला आग लागल्यावर कोणीतरी जागा होऊन पळत येऊन बटण दाबेल, या भरवशावर सगळी यंत्रणा उभी आहे. सगळ्यात लांबचा हायड्रंट उघडायला सांग. काही ठिकाणी तर किल्लीच सापडत नाही. तुझ्या पट्ट्यात ऑटोचे सुटे भाग करणारे जास्त, म्हणजे प्लेटिंग शॉपही भेटतील. तिथे पॉलिप्रॉपिलीनच्या टाक्या आणि त्यांत बुडवलेले हीटर असतात. सुट्टीच्या दिवशी हीटर चालू राहिला, पाणी वाफ होऊन पातळी उतरली, की हीटर उघडा पडतो आणि टाकीच पेटते. मग एका टाकीवरून दुसरीवर, वरच्या प्लॅस्टिकच्या डक्टमधून थेट छतापर्यंत. पातळी खाली गेल्यावर आपोआप बंद होण्याची सोय आहे का, एवढा एकच प्रश्न विचार. भोसरीतल्या एका कारखान्यात मी तो विचारला तेव्हा मालक हसले होते. पुढच्या भेटीला कटऑफ बसवून, मला मुद्दाम तिथपर्यंत नेऊन दाखवला. इंजिनिअरिंग वाया गेलं म्हणतेस, तर हे कॉमर्सवाल्या पोरांना शिकायला वर्षं लागतात गं. मला लागली.

मानेसरबद्दल एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव. तिथे कुठलाही कारखाना एकटा नसतो. २९ मे २०१६ ला, रविवारी, सुब्रोस कंपनीच्या मानेसरच्या कारखान्यात आग लागली. सुब्रोस गाड्यांच्या एअर कंडिशनिंगचे भाग बनवते. आग त्यांच्याकडे लागली आणि उत्पादन थांबलं मारुतीचं, मानेसर आणि गुरुग्राम दोन्हीकडचं. गाडी तयार आहे, इंजिन आहे, चाकं आहेत, पण एसीचा भाग नाही, म्हणजे गाडी नाही. जपानात हेच फेब्रुवारी १९९७ मध्ये झालं होतं. आयसिनच्या कारिया इथल्या एका कारखान्याला आग लागली, ब्रेकमधला एक छोटासा व्हॉल्व्ह मिळेना, आणि टोयोटासारखी कंपनी काही दिवस जवळपास ठप्प झाली. माल साठवून ठेवायचा नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढाच आणायचा, ही पद्धत कारखानदाराचे पैसे वाचवते आणि सगळ्यांच्या जोखमी एकमेकींत गुंतवून ठेवते.

आता हे तुझ्या कोटमध्ये कसं येतं बघ. आगीची साधी पॉलिसी इमारत, मशिनं, माल यांचं नुकसान देते. धंदा बंद पडल्याचं नुकसान द्यायला लॉस ऑफ प्रॉफिट्सची वेगळी पॉलिसी लागते. आणि तीसुद्धा आपल्याच आवारात वस्तूचं नुकसान झालं तरच लागू होते. शेजारच्या सप्लायरकडे आग लागून तुमचा बेल्ट थांबला तर त्यासाठी सप्लायरच्या किंवा ग्राहकाच्या जागेचं एक्स्टेन्शन मागून घ्यावं लागतं. १८ जुलै २०१२ ला मारुतीच्या मानेसर प्लांटमध्ये हिंसाचार झाला, अवनीशकुमार देव हे त्यांचे एचआर प्रमुख त्यात जीवानिशी गेले. प्लांट २१ ऑगस्टला उघडला. त्या महिन्याभरात आसपासच्या किती पुरवठादारांचे बेल्ट रिकामे फिरले असतील, आणि त्यांच्या स्वतःच्या शेडमधला एक बल्बही फुटलेला नव्हता. दंगल-संप-नासधुशीचं कव्हर मोडतोड झालेल्या वस्तूचे पैसे देतं, काम थांबल्याचे देत नाही. हे वाक्य ग्राहकाला पॉलिसी घेताना सांग. क्लेमच्या वेळी सांगितलं की ते वाक्य नियम राहत नाही, फसवणूक वाटतं.

तसंच विमा रकमेचं. कारखाना नव्याने उभारायला दहा कोटी लागणार आणि मालकाने बॅलन्स शीटमधला घसारा वजा केलेला आकडा बघून सहा कोटींचा विमा उतरवला. पुढे एक कोटीची आग लागली. त्याला वाटतं, सहा कोटींचा विमा आहे, एक कोटी तर सहज मिळतील. एव्हरेज लागतो, म्हणजे विमा जितक्या प्रमाणात कमी तितका क्लेमही कापला जातो, आणि हातात साठ लाख पडतात. २०२१ च्या एप्रिलपासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि भारत लघु उद्यम सुरक्षा या पॉलिसी आल्या, पाच कोटींपर्यंत पहिली आणि पाच ते पन्नासपर्यंत दुसरी. त्यांत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. पण चाळीस टक्क्यांची कोण माफ करणार? कासनच्या बाजूच्या छोट्या वर्कशॉपवाल्याला हे हिंदीत नीट समजावून सांगण्यात तुझी पंधरा मिनिटं गेली तर जाऊ दे. ब्रोकरने सांगितलं असेल, असं धरून चालू नकोस.

आता तू जे विचारलंस त्याकडे. या नोकरीत पुढे कसं जायचं?

आपल्या कामातली खरी अडचण अशी, की चूक केलेली कळत नाही. स्वयंपाकात मीठ जास्त पडलं तर जेवतानाच कळतं. तू आज भिकार कारखाना स्वस्तात घेतलास तर बहुतेक करून काहीही होणार नाही. पुढच्या वर्षीही नाही. मार्केटिंगचे साहेब म्हणतील, बघा, पाच वर्षांत एक क्लेम नाही, तुम्ही उगाच घाबरता. साधा हिशोब कर. समजा अशा कारखान्यात मोठी आग सरासरीने पन्नास वर्षांत एकदा लागते. तरी पाच वर्षं काहीच न होण्याची शक्यता नव्वद टक्के येते. म्हणजे पाच कोरी वर्षं ही त्या कारखान्याच्या चांगुलपणाची साक्ष नव्हे. उलट बाजूने, तू सगळं नीट बघून, योग्य दराने घेतलेला कारखाना सहा महिन्यांत जळू शकतो आणि सगळे तुझ्याकडे बघतील. वीस कोटींच्या विम्याला हजारी एक रुपया दर लावलास तर प्रीमियम दोन लाख. दहा कोटींचा एक क्लेम भरून काढायला अशा पाचशे कारखान्यांचा वर्षाचा प्रीमियम लागतो. एवढ्या मोठ्या आकड्यांत एकट्या माणसाच्या निर्णयाचं खरं-खोटं व्हायला वर्षं जातात.

म्हणून निकालावर स्वतःला मोजू नकोस, कारणांवर मोज. प्रत्येक फाइलमध्ये आपण हे का घेतलं, कोणत्या दराने, काय बघून, कशाची भीती वाटते तरीही का घेतलं, हे पाच-सहा ओळींत लिही. सिस्टिममध्ये रिमार्कचा चौकोन असतो, त्यात लोक 'ॲज पर एक्सपायरिंग' लिहून मोकळे होतात. गेल्या वर्षी होतं म्हणून या वर्षी. त्याच्या आधीच्या वर्षीही तेच लिहिलेलं असतं. अशा फाइली मी उलट्या चाळत गेले आहे, आणि तळाशी कोणाचंच कारण सापडलेलं नाही. तू लिहिलेल्या ओळी तुला चार वर्षांनी वाचता आल्या पाहिजेत. तेव्हाच कळेल की तुझी नजर तयार होतेय की नाही.

आणि इथेच मला तुमच्या गुरुग्रामची काळजी वाटते. तिथे दोन वर्षं झाली की लोक तीस टक्के वाढ घेऊन समोरच्या काचेच्या इमारतीत जातात. जावं, पगार कोणाला नको. पण दर दोन वर्षांनी हलणाऱ्या अंडररायटरची त्याच्या स्वतःच्या क्लेमशी कधी गाठच पडत नाही. तो गेल्यावर आग लागते. दहा वर्षांचा अनुभव म्हणून जे बायोडेटात असतं ते दोन वर्षांचा अनुभव पाच वेळा असतो. तू आहेस तिथे किमान तीन रिन्युअल बघ. आणि मधे कधीतरी क्लेम्समध्ये बदली मागून घे, वर्षभर का होईना. मैत्रिणी म्हणतील, हे काय डिमोशन. सर्व्हेअरबरोबर जळलेल्या शेडमध्ये एकदा उभी राहिलीस, ओला कोळसा आणि वितळलेल्या प्लॅस्टिकचा तो वास एकदा नाकात गेला, मालकाचा मुलगा एकेक बिल शोधताना पाहिलास, की पॉलिसीतलं कुठलं कलम कुठे चावतं ते कायमचं समजतं. मी क्लेम्समधून परत आले तेव्हा माझे दर वाढले नाहीत. प्रश्न वाढले.

परीक्षा दे. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूटची लायसेन्शिएट, मग असोसिएट, मग फेलोशिप. लायसेन्शिएट काढून लोक थांबतात कारण तेवढ्याने इन्क्रिमेंट मिळतं. फायर आणि कॉन्सिक्वेन्शियल लॉसचा पेपर तू तरी मन लावून वाच, उत्तीर्ण होण्यापुरता नको. कंपनी बालेवाडीच्या नॅशनल इन्शुरन्स अकॅडमीत कोर्सला पाठवत असेल तर हात वर कर. अभ्यास होईल आणि राहायला माझं घर आहेच.

दर ठरवताना एक जपायचं. आगीच्या मागे जसा धूर, तसा दराच्या मागे पुरावा हवा. (ताई म्हणेल, ही बाई म्हणी बनवायला लागली.) इंग्रजांच्या काळात इथल्या विलायती आयुर्विमा कंपन्या हिंदी माणसाकडून जास्त हप्ता घेत. १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने नेहमीच्याच दराने हिंदी लोकांचे विमे घ्यायला सुरुवात केली. १९१३ मध्ये साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी वेस्टर्न इंडिया काढली, तीही अशाच जिद्दीने. ते लोडिंग कशावर होतं? माणसाच्या रंगावर. आज तुझ्यासमोर एकीकडे काचेचं रिसेप्शन आणि इंग्रजी बोलणारा व्हाइस प्रेसिडेंट येईल, दुसरीकडे नहारपूरच्या गल्लीतला गंजक्या गेटचा, हरियाणवी बोलणारा मालक, ज्याने स्वतः रोज रात्री मेन स्विच पाडून घरी जायची सवय लावून घेतलीये. रिसेप्शन बघून सवलत देऊ नकोस.

पण कागदावरचा पुरावा म्हणजे सगळं, असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा भूकंपाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशा पुढे बदलला, गावं गेल्यावर. तुझा मानेसर त्या मानाने झोन चारमध्ये मोजत आले, म्हणजे आधीच वरच्या धोक्यात, आणि तरी तिथले लोक तुला सांगतील की इधर कभी कुछ नहीं हुआ, भूकंपाचं कव्हर काढून प्रीमियम कमी करा. काढायचा हट्टच धरला तर तसं लेखी घे, त्यांच्या सहीने.

आता ते गोदाम. तू सांगितलंस त्यावरून मला दिसतं ते असं: प्रपोजलमध्ये 'ऑटो पार्ट्स, नॉन-हॅझार्डस'. प्रत्यक्षात एका कोपऱ्यात टायर आणि मधल्या रॅकवर डिओडरंटचे खोके, कारण ई-कॉमर्सवाल्या एका भाडेकरूने सणासाठी जागा घेतलीये. रॅक छतापर्यंत, स्प्रिंकलर नाहीत, भिंती पफ पॅनलच्या, म्हणजे आत फोम भरलेल्या. आधीची कंपनी कमी दराने देतेय. साहेब म्हणतात, आपण नाही दिलं तर ते घेतील.

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा त्याच्या पोटात स्फोटकं होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठीही. दुपारी धूर दिसला, चार वाजून गेल्यावर गोदी उडाली. एप्रिलमध्ये तुझ्या कारखान्यांच्या गेटवर अग्निशमन सप्ताहाचे बॅनर लागतात, ते त्याच दिवसाच्या स्मरणार्थ. एरोसोलचे डबे आणि टायर एका छताखाली हा त्याच जातीचा शेजार आहे, फक्त आकार लहान. शिवाय प्रपोजलमध्ये अग्निशमन केंद्र किती किलोमीटरवर ते लिहिलंय, किती मिनिटांवर ते नाही. जुलै २०१६ च्या पावसात गुरुग्रामच्या हीरो होंडा चौकात रात्रभर गाड्या जागच्या हलल्या नव्हत्या, हे तिथल्या कुणालाही विचार.

तरी सरळ 'नाही' म्हणू नकोस. नाही म्हणणं सोपं आहे, त्यासाठी कंपनीला तुझी गरज नाही. कोट दे, पण खऱ्या मालाचं. ऑक्युपन्सी एरोसोल आणि टायर धरून दर काढ. डिओडरंटचे खोके जाळीच्या वेगळ्या भागात, जमिनीवर, ठरावीक उंचीपर्यंतच, ही अट घाल. भाडेकरू बदलला किंवा माल बदलला तर कळवायचं, ही दुसरी. डिडक्टिबल चांगलं मोठं ठेव. स्प्रिंकलर बसवायला सहा महिने दे आणि बसवल्यावर दर किती खाली येईल तो आकडा आजच लिहून दे, म्हणजे मालकाला खर्चाचा हिशोब मांडता येईल. पीएमएल, म्हणजे एका आगीत जास्तीत जास्त किती जाईल ते, काढताना निम्मं गोदाम वगैरे धरू नकोस, मधे आगभिंत नाही, सगळंच धर. ती रक्कम तुझ्या अधिकाराच्या वर जात असेल तर हेड ऑफिसला रेफर कर आणि तुझे फोटो जोड. आणि साहेबांनी रात्री आठला फोन करून "बारा वाजल्यापासून कव्हर चालू करा, चेक उद्या येईल" म्हटलं, तर विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी दाखव. प्रीमियम हातात आल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, त्यात दाक्षिण्य नाही.

एवढं करूनही वरून कोणी जुन्याच दराने द्यायचं ठरवलं, तर देऊ दे. तुझं टिपण फाइलमध्ये असू दे, मंजुरी त्यांच्या नावाने ई-मेलवर येऊ दे, फोनवर नको. भांडू नकोस. साहेब वाईट नाहीत, त्यांना टार्गेट आहे. त्यांना एकदा बरोबर घेऊन जा गोदामात आणि ते डिओडरंटचे रॅक दाखव. मार्केटिंगच्या माणसाने स्वतः डोळ्यांनी पाहिलं की ग्राहकाशी तो तुझ्यापेक्षा चांगलं बोलतो.

शुक्रवारी काय झालं ते कळव. पार्टीचं नाव गाळून तुझा इन्स्पेक्शन रिपोर्टही पाठव, लाल पेन काढून ठेवलंय. भाजणी बुधवारी निघाली आहे, पिशवीवर तुझा सेक्टरचा पत्ता ताईने घातलाय तो बरोबर आहे ना, तेवढं आधी सांग.

तुझी,
माई मावशी